ओली का सुकी?

भिवंडीत धामणकर नाका घ्या, शांतीनगर घ्या, नाहीतर पद्मानगर. पाळी सुटायच्या वेळेला कुठल्याही औषधाच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहा. भुवयांवर आणि कानांच्या कडांवर रुईचे बारीक तंतू बसलेला एक माणूस येतो. दोन्ही हात मोकळे, पण एक हात राहून राहून कमरेच्या पट्ट्याकडे जातो. तो काही बोलायच्या आतच काउंटरवरचा पोरगा विचारतो, ओली का सुकी? प्रश्न बहुधा हिंदीत असतो. उत्तर एका शब्दाचं. त्या शब्दाच्या जोरावर फळीवरून एक ट्यूब खाली येते आणि पैसे गल्ल्यात जातात. तपासणी, निदान आणि उपचार, सगळं मिळून एका मिनिटात. पंचतारांकित रुग्णालयांना हे अजून जमलेलं नाही.

ट्यूबमध्ये काय असतं? बुरशी मारणारं एक औषध, जंतू मारणारं एक औषध, आणि या दोघांच्या मध्ये ऐटीत बसलेलं एक जोरकस स्टेरॉइड. ट्यूबचा धंदा चालतो तो या तिसऱ्यावर. लावल्यावर दोन दिवसांत खाज बंद. माणूस खूश होतो, दुकानदाराला दुवा देतो, खोलीतल्या चौघांना ट्यूबचं नाव सांगतो. आतमध्ये मात्र स्टेरॉइडनं त्वचेच्या पहारेकऱ्यांना झोपवलेलं असतं आणि नायट्याची बुरशी आरामात पसरत असते. गजकर्णाची ती ओळखीची गोल, लाल कड पुसट होते, त्यामुळे पुढे कधी डॉक्टरकडे गेलाच तर त्यालाही चटकन ओळखू येत नाही. वैद्यकाच्या पुस्तकात या वेषांतर केलेल्या नायट्याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असं नाव आहे. जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर पांढरट चरे उठतात, ते नंतर जात नाहीत.

केंद्र सरकारला हे माहीत नाही असं नाही. मार्च २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइडं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली गेली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्यांची मलमं विकायची नाहीत. भिवंडीत चिठ्ठीचं काम ‘ओली का सुकी’वर भागतं. दरम्यान बुरशीनं प्रगती केली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या त्वचेवरून मिळालेल्या एका नव्या जातीला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिए’ असं नाव दिलं. नायट्यावरचं नेहमीचं औषध, टर्बिनाफाइन, तिच्यावर पुष्कळदा चालतच नाही. अर्धवट उपचारांनी आणि या ट्यूबांच्या खिचडीनं तिला पोसलं, असं त्वचारोगतज्ज्ञ कानीकपाळी ओरडून सांगतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन बायकांच्या अंगावर ती सापडली, त्यातली एक तर अलीकडे देशाबाहेर गेलेलीच नव्हती. निर्यातवाढीच्या सरकारी आकड्यांत ही नोंद दिसत नाही. वाईट वाटतं.

इथवर वाचून एका ठरावीक वर्गातला वाचक मान डोलावणार, याची मला खात्री आहे. ‘म्हणूनच आम्ही केमिकल वापरत नाही. सगळं नैसर्गिक. घरातलंच.’ यानंतर तो वाचक, किंवा त्याच्या सौभाग्यवती, बेसनाची वाटी पुढे सरकवतात. बेसनात हळद, हळदीत साय, सायीत लिंबाचे चार थेंब. मुरमांना चंदन, घामोळ्यांना मुलतानी माती, कोंड्याला दही, भाजल्याला कोरफड, वांगांना बटाट्याचा रस. लावा, वीस मिनिटं शांत पडून राहा, मग कोमट पाण्यानं धुवा.

या पाककृतीत खरं लागणारं साहित्य कुणी लिहीत नाही. फ्रीज लागतो. आरसा लागतो. कोमट पाणी करायला गॅस लागतो. ज्या दारावर बाहेरून कुणी थापा मारत नाही अशी मोरी लागते. आणि ती वीस मिनिटं लागतात.

यंत्रमागावरच्या माणसाची खोली बघायची तर अंधार पडायच्या आधी जावं. दहा बाय बाराची, पोटमाळ्याची. भिंतीला खिळे, प्रत्येक खिळ्यावर एका माणसाचा संसार. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, म्हणून दिवसपाळीवाले गेले की त्यांच्याच सतरंज्यांवर रातपाळीवाले आडवे होतात. सतरंजी थंड पडायला वेळच मिळत नाही. जेवण भिशीत. भिशी म्हणजे इथली खानावळ, महिन्याच्या हिशेबावर चालणारी. डाळ, भाजी, भात, पोळी. तिथल्या बाईकडे दोन चमचे बेसन तोंडाला लावायला मागून बघा. कारखान्यात सुताला ओल लागते, नाहीतर धागा तुटतो. पंख्याच्या वाऱ्यानं रुई उडते म्हणून तोही नको. पत्रा वरून तापतो. म्हणजे बुरशीला जे जे हवं, ऊब, दमट हवा, घाम आणि घट्ट कपडा, ते सगळं शेठनं सुतासाठी केलेलं असतं, बुरशीला ते फुकट मिळतं.

आता समजा, एखाद्यानं ऐकलंच आणि गजकर्णावर हळद थापून तो कामावर गेला. मागावर कोरं, न रंगवलेलं कापड उतरतंय. तुटलेला धागा जोडायला त्यानं हात घातला आणि ताग्यावर पिवळा पंजा उमटला. डागी माल. पगारातून पैसे कापले. निसर्गोपचाराचा हा दुष्परिणाम आयुर्वेदाच्या कुठल्याही ग्रंथात सापडणार नाही.

हळदीचं नाव निघालं की आपल्याकडे छाती फुगते, ती का फुगते तेही बघू. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याबद्दल पेटंट मिळालं होतं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं. तेव्हा तिचे महासंचालक रघुनाथ माशेलकर होते. जुने ग्रंथ काढले, १९५३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला लेख काढला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. झक्कास काम झालं, वादच नाही. पण त्या झगड्यात सिद्ध काय झालं? आमच्या आज्या हे आधीपासून करत होत्या, एवढंच. नवं नाही म्हणून पेटंट नाही. हळदीनं कोणता रोग किती दिवसांत बरा होतो, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. आपण मात्र निकालाचा कागद गुणकारीपणाचं प्रमाणपत्र म्हणून घरोघरी फ्रेम करून लावला.

हळदीवर अन्याय नको म्हणून सांगतो, तिच्या बाजूनं एक चांगला कागद आहे. १९९२ मध्ये तमिळनाडूतल्या दोन संशोधकांनी कडुनिंबाचा पाला आणि हळद वाटून त्याचा लेप खरजेच्या ८१४ रुग्णांना दिला. तीन ते पंधरा दिवसांत ९७ टक्के बरे झाले, असं त्यांनी छापलं. आकडा जबर आहे. अडचण ही, की तुलनेला दुसरा गट नव्हता. नुसतं अंग घासून धुतलेले, किंवा नेहमीचं मलम लावलेले किती बरे झाले असते, हे त्यातून कळत नाही. तीस वर्षं उलटून गेली. कडुनिंबाच्या नावानं साबण, दंतमंजन, फेसवॉश, अगरबत्ती सगळं निघालं. तो प्रयोग कुणीतरी नीट, तुलनेसकट, मोठ्या प्रमाणावर करावा आणि घराघरात त्याचा निकाल सांगावा, एवढी निकड मात्र कुणाला भासली नाही. अभिमान फुकट मिळतो. प्रयोगाला पैसे पडतात.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज कुठून आला ते निसर्गालाच ठाऊक. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून भर दुपारी स्कूटरवरून कल्याण नाका ते अंजूर फाटा एक फेरी मारा. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की ऊन पडल्यावर ती कातडी भाजतात. आधी लाली, मग फोड, मग महिनोन्‌महिने राहणारा काळा डाग. डाग घालवायला लावलं लिंबू, आणि ते स्वतःचीच सही करून गेलं.

लिंबाचं जाऊ द्या, बिब्बा घ्या. हा तर अस्सल आपला. टाचेच्या भेगांत गरम बिब्याचं तेल सोडायचं, हा उपाय ज्यांनी केला त्यांच्यापैकी काहींच्या भेगा मिटल्या आणि काहींचं पाऊल घोट्यापर्यंत उतलं. ‘बिब्बा उतला’ म्हणतात तो हाच प्रकार: सूज, फोड, लस, आणि रात्रभर जागरण. गुन्हेगार आहे बिब्याच्या सालीतलं काळं तेल. अमेरिकेतल्या जंगलात ‘पॉयझन आयव्ही’ नावाची जी कुप्रसिद्ध वेल आहे, तिच्या रसाचा हा सख्खा चुलतभाऊ. कापडाच्या गावाला बिब्याचं आणखी एक नातं शोभून दिसेल. पूर्वी धोबी कपड्यावर खूण करायला बिब्याचाच रस वापरत, कारण ती खूण कितीही धुतली तरी जात नाही. त्या खुणेनं ब्रिटिश काळात साहेबांच्या मानेवर नेमका कॉलरच्या जागी पुरळ उठे आणि त्यांचे डॉक्टर चक्रावून जात. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात धोब्यांच्या या योगदानाची नोंद राहून गेलीय.

शिवाय ‘आपलं’ म्हणून जे छातीशी धरतो ते दर वेळी आपलंच असतं असंही नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गजकर्णावरचा हुकमी इलाज म्हणजे ‘गोवा पावडर’. पिवळट-तपकिरी पूड, व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात कालवून लावायची. सगळ्यांना वाटे, गोव्याकडची काहीतरी झाडपाल्याची पूड असेल. प्रत्यक्षात ते झाड ब्राझीलमधलं. पोर्तुगीज जहाजांनी ती पूड गोव्यात आणली, तिथून ती मुंबईत आली आणि गोव्याची झाली. गुण होता तिच्यात. पुढे तिच्यातल्याच द्रव्याच्या वाटेनं सोरायसिसवरचं डिथ्रेनॉल हे औषध तयार झालं. पण कपडे जांभळे-तपकिरी व्हायचे, आणि डोळ्याला हात लागला की डोळा लाल. लोक तक्रार करत नसत. झोंबतं तेच औषध, ही श्रद्धा आपल्याकडे पूर्वापार आहे.

काही उपायांचं मला भारी कौतुक आहे, ते लपवत नाही. अंगावर पित्त उठलं, गांधी आल्या, की आमसुलाचं पाणी चोळायचं. गार वाटतं. गांधी बहुतेक वेळा काही तासांत आपोआप जातात, श्रेय आमसुलाला मिळतं. कुणाचं काही बिघडत नाही, उरलेल्या आमसुलांची सोलकढी होते. मात्र ओठ-जीभ सुजली आणि श्वास लागला तर आमसूल ठेवा आणि रिक्षा पकडा. बाळाच्या, म्हाताऱ्यांच्या कोरड्या अंगाला खोबरेल. यालाही माझा पूर्ण पाठिंबा. ओल्या अंगावर पातळ थर दिला की ओल टिकते, आणि कोरड्या त्वचेवर ते उपयोगी पडल्याचे बरे प्रयोगही झालेत. पण तेच तेल चिखल्यांवर चोळू नका. पावसाळ्यात कामवारी नदीला फुगवटा येतो, तीनबत्तीच्या भाजी मार्केटात पाणी शिरतं, आणि आख्खं गाव त्याच पाण्यातून चालतं. चिखल्यांचं औषध बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं हे आहे. ते सांगायला सोपं. गुडघाभर पाण्यात उभं राहून कांदे विकणाऱ्या बाईला जरा जाऊन सांगा.

नागिणीवर मात्र विनोद करवत नाही. पाठीवर किंवा बरगडीवर फोडांचा पट्टा उठला की गेरू लावतात, कुणीतरी मंत्र घालतो, आणि घरातले डोळे मोठे करून बघत बसतात: तोंडाला शेपूट मिळाली की माणूस गेला. ती मिळत नाही. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू एका मज्जातंतूत दडून बसलेला असतो, तो त्याच तंतूच्या वाटेनं बाहेर येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला पोचतो, म्हणून पट्टा मधोमध थांबतो. मंत्रवाल्याचं यश इथून येतं. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून पहिल्या ७२ तासांत सुरू केल्या तर सगळ्यात चांगला उपयोग होतो, आणि नेमके तेच तीन दिवस गेरूत जातात. पुरळ वाळतं. पण वय झालेल्या माणसाची ती आग कधी कधी महिनोन्‌महिने राहते, आणि तोपर्यंत मंत्रवाला पुढच्या गावाला पोचलेला असतो.

भिवंडीकराचा सगळ्यात भव्य निसर्गोपचार तालुक्यातच आहे. अंबाडी नाक्यावरून आत वळलं की वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. तानसा नदीच्या काठची गरम पाण्याची कुंडं. देवीला चिमाजी अप्पांनी नवस केला, १७३९ मध्ये वसई पडली आणि नवस फेडायला किल्ल्यासारखं दगडी देऊळ उभं राहिलं. गणेशपुरीला नित्यानंद बाबांची समाधी. देवीनं वसई दिली, आता तिच्याकडे खरजेचं मागणं घेऊन जायला लोकांना संकोच वाटत नाही. कुंडाच्या पाण्याला गंधकाचा वास येतो आणि गंधक म्हणजे खरजेचा काळ, हे सगळ्यांना ठाऊक.

गंमत म्हणजे ते खरंच आहे. गंधकाचं मलम खरजेवर चालतं. पाच ते दहा टक्के गंधक, व्हॅसलीनमध्ये कालवलेलं, मानेपासून तळव्यांपर्यंत, सलग तीन रात्री. गर्भार बायकांना आणि तान्ह्या बाळांना आजही ते देतात. फक्त ते मलम आहे, रात्रभर अंगावर राहणारं. कुंडात दहा मिनिटं बसून वर आलं की अंगावर उरतो तो वास. कढत पाण्यानं खाज तेवढ्यापुरती थांबते, हेही खरं. त्यानंच कातडी कोरडी पडते आणि घरी पोचेपर्यंत दुप्पट खाजते. शिवाय कुंडात गजकर्णवाला, इसबवाला, खरजेवाला आणि नुसता सहलीला आलेला असे सगळे एका पंक्तीला. भिजलेल्या पायऱ्या, एकमेकांचे पंचे, एकच कंगवा. प्रसाद कुणाला काय मिळेल सांगता येत नाही.

आता जरा पूर्णा, दापोडा, माणकोली, काल्हेर या बाजूला येऊ. इथे शेतं होती, तिथे आता पांढऱ्या पत्र्यांची गोदामं आहेत आणि त्यांच्या शटरला कंटेनर लागलेले आहेत. पुण्यातल्या, नाशकातल्या, दादरच्या बाथरूममध्ये जो निसर्ग पोचतो, तो पुष्कळदा याच गोदामांतून निघतो. कोरफडीचं जेल, हळदीचा फेसपॅक, कडुनिंबाचा फेसवॉश. डब्यावर ओलं हिरवं पान आणि ‘केमिकल-फ्री’. पाणीसुद्धा केमिकल आहे, त्यामुळे डब्यात नेमकं काय भरलंय हा प्रश्न मला रात्री छळतो. हा निसर्ग खोक्यांत भरून, टेप मारून, गाडीत चढवणाऱ्या पोराचं मनगट बघा. हातमोज्याच्या आत घाम, पुठ्ठ्याची धूळ, बोटांच्या बेचक्यांत लाल दाणे. हातात कोरफड, खिशात ती ट्यूब.

हे निदान लेबल लावलेलं. बिनलेबलाच्या डबीचा महिमा वेगळाच. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका घराची बातमी आली होती: मुलगी, आई आणि बहीण तिघींनी ब्यूटिशियनकडून आणलेलं गोरं करणारं क्रीम लावलं आणि तिघींची मूत्रपिंडं दुखावली. मुंबईच्या केईएममध्ये तपासणी झाली, क्रीममध्ये पारा निघाला. पारा हाही खाणीतून निघतो. शंभर टक्के नैसर्गिक.

असो. भिवंडीच्या खोल्यांतले खरे यजमान नायटा आणि खरूज आहेत, त्यातही खरजेचं गणित मला विलक्षण वाटतं. खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहून लहान. मादी कातडीत बोगदा खणते आणि अंडी घालते. खाज रात्री, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, कमरेला. पहिल्यांदाच लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे माणूस खाजवायला लागतो तेव्हा सतरंजीच्या शेजाऱ्याला त्यानं ती कधीच देऊन टाकलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. यादीत घेतल्यामुळे ती दुर्लक्षित राहायची थांबते असं नाही.

उपाय साधा आहे, आणि तो स्वयंपाकघरातला नाही. पाच टक्के परमेथ्रिनचं मलम, गळ्यापासून पायाच्या तळव्यांपर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्री लावायचं आणि आठ-दहा तासांनी धुवायचं. एका माणसाला साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब. सात दिवसांनी पुन्हा एकदा. आणि खरी अट ही, की एका छताखाली झोपणाऱ्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री लावायचं. एकजण सुटला तरी तो बाकीच्यांना पुन्हा वाटून देतो. डॉक्टर ही अट चिठ्ठीवर लिहून देतो, ‘घरातील सर्वांनी’. खोलीत झोपणारे चौदा. सात इथे, सात मागावर. मलम लावून झोपलेल्यांनी सकाळी अंघोळ करून कपडे बदलले की त्यांच्या ऊबदार सतरंजीवर रातपाळीवाले येऊन पडतात, किड्यांसकट. परमेथ्रिन बनवणाऱ्यांनी बाराबाराच्या पाळीचा विचार केलेला दिसत नाही.

पण भिवंडीत शुक्रवारी माग बंद असतात. आठवड्यातल्या त्या एका रात्री दोन्ही पाळ्या एकाच खोलीत असतात, पाय ठेवायला जागा नसते म्हणून वैतागतात. लावा त्या रात्री. चौदा माणसं, चौदा ट्यूबा. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरनं आधी एकदा बघून चिठ्ठी द्यावी. त्या दिवशी खोलीतले कपडे, चादरी, सतरंज्या कढत पाण्यात धुऊन गच्चीवर कडक उन्हात टाकायच्या, ज्या धुता येत नाहीत त्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कोपऱ्यात. माणसाचं अंग मिळालं नाही तर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. आणि सात दिवसांनी पुन्हा लावायचं म्हणजे बरोबर पुढचा शुक्रवार येतो. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते, हे चौदाजणांना आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर तिसऱ्या दिवशी आठजण वज्रेश्वरीला आणि सहाजण ट्यूबवाल्याकडे जातील.

लागणाऱ्या सामानात अवघड काही नाही: मलम, दोन शुक्रवार, एक पिंप जादा पाणी, आणि बाकीचे कपडे वाळेपर्यंत अंगावर घालायला प्रत्येकाला एक कोरडा जोड. शेवटची वस्तू कापडाच्या गावात मिळायला हरकत नसावी. शेठनं एका ताग्याचे पैसे सोडावेत.